तांब्याची पट्टी आणि दोन गिऱ्हाइकं

मकरपुरा जीआयडीसीतलं, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीतलं, आमचं वर्कशॉप बसबारवर चालतं. बसबार म्हणजे तांब्याची जाड, सपाट पट्टी. जिथे मोठा करंट न्यायचा तिथे केबलऐवजी ही लावतात. पट्टी कापायची, पंच मारून भोकं पाडायची, वाकवायची, कथिलाचा मुलामा द्यायचा आणि पाठवून द्यायची. बडोद्याच्या अवतीभवती ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअर (वीज चालू-बंद करणारी पॅनेलं) बनवणाऱ्यांची एवढी दाटी आहे की बाबांना गिऱ्हाईक शोधायला कधी लांब जावं लागलं नाही. मोटारींच्या धंद्याला ते लांबूनच नमस्कार करायचे. "त्यांना माल थोडा आणि कागद फार लागतो," हे त्यांचं मत. पुढे जे झालं त्यावरून ते काही खोटं म्हणता येणार नाही.

२०२४ मध्ये आमच्याकडे थोड्या अंतराने दोन चौकश्या आल्या, दोन्ही इलेक्ट्रिक मोटारींच्या बॅटरी पॅकसाठी. पहिली, देशात वर्षानुवर्षं गाड्या विकणाऱ्या एका कंपनीला पॅक पुरवणाऱ्याची. दुसरी, या बाजारात नुकत्याच उतरलेल्या कंपनीच्या पॅकवाल्याची. नावं सांगत नाही. दोघांशी गुप्ततेचा करार आहे आणि दोघांकडून पैसे यायचेत. जुनं गिऱ्हाईक आणि नवं गिऱ्हाईक, एवढ्यावर भागवू या.

मोटारीचा अनुभव शून्य असताना आम्हालाच का विचारलं, हे मला सुरुवातीला कळेना. उत्तर सरकारी योजनेत होतं. वाहन उद्योगासाठीची पीएलआय (उत्पादनावर प्रोत्साहन) योजना २०२१ मध्ये मंजूर झाली, २५,९३८ कोटींची. तिचे पैसे हवे असतील तर गाडीतलं निदान ५० टक्के मूल्य देशात तयार झालेलं दाखवावं लागतं. सेल, म्हणजे पॅकच्या आतल्या सुट्या बॅटऱ्या, बहुतेक चीनमधून येतात, तिथे लगेच काही करता येत नाही. मग पॅकमधल्या उरलेल्या एकेका वस्तूच्या मागे लोक लागतात: खालचा ट्रे, कूलिंग प्लेट, हार्नेस (तारांची जुडी) आणि बसबार. तांब्याची पट्टी नीट वाकवणारे लोक मोटारवाल्यांकडे कमी होते. स्विचगिअरवाल्यांकडे होते, आणि स्विचगिअरवाले बडोद्यात होते.

जुन्या गिऱ्हाइकाने सुरुवातीलाच एक लांबलचक एक्सेल पाठवली. आयएटीएफ १६९४९, म्हणजे मोटारवाल्यांचं गुणवत्तेचं प्रमाणपत्र, आहे का? नव्हतं, आमच्याकडे साधं आयएसओ ९००१. मोटारीच्या कुठल्या कंपनीला आधी माल दिलाय? कुठल्याच नाही. मशिनं किती जुनी, माणसं किती, कोण रजेवर गेलं तर त्याचं काम कोण करणार, आग लागली, पूर आला, संप झाला तर काय करणार. हा शेवटचा रकाना मी जरा थट्टेतच भरला होता. त्याची आठवण पुढे येईल. एवढं सगळं भरून दिल्यावर त्यांनी अट घातली की आयएटीएफची तयारी सुरू करा, तोवर सशर्त पुढे जाऊ. मग ऑडिट.

ऑडिटला पुण्याहून एक गृहस्थ आले. पन्नाशीचे असतील. फायलींकडे फारसं पाहिलं नाही, सरळ शॉपवर गेले. रॅकवरची तयार पट्टी उचलली आणि अंगठ्याचं नख कडेवरून हळूहळू फिरवलं. एका जागी थांबले.

"हा बर किती आहे, मॅडम?"

बर म्हणजे कापल्यावर कडेला राहते ती धारदार कोर. मी म्हटलं, स्विचगिअरमध्ये एवढा चालतो.

"तुमचं पॅनेल भिंतीला टेकून उभं असतं. हे आठ वर्षं खड्ड्यांतून धावणार आहे."

आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, ही बॅटरीची रूढ वॉरंटी. त्यांचं म्हणणं मग त्यांनी पाटीवर काढून दाखवलं. बसबारवर नारिंगी इन्सुलेशन चढवतात. गाडीतलं जे जे काही उच्च दाबाचं आहे ते नारिंगी, हा नियम. हे इन्सुलेशन म्हणजे इपॉक्सीची पावडर. पट्टी तापवून पावडरीत बुडवली की पावडर वितळून चिकटते. पण धारदार कडेवर ती थांबत नाही, वितळताना मागे सरते. सपाट भागावर थर जाड, कडेवर पातळ. त्यात बर असेल तर कडेवर जवळपास काहीच उरत नाही. खाली ॲल्युमिनियमचा ट्रे, पट्टीत तीनशे-साडेतीनशे व्होल्ट डीसी, आणि रस्ता आपल्या देशातला.

मी कलाभवनात इलेक्ट्रिकल शिकले आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेली ती संस्था, आता विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी. तिथे मला कुणी नखाने पट्टी तपासायला शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या शॉपवर प्रत्येक जण तसंच नख फिरवतो.

बर घालवायचे काही सरळ मार्ग नव्हते. व्हायब्रो मशिनमध्ये दगडांबरोबर घोळवून पाहिलं तर कडा गोल झाल्या, पण मऊ तांब्यावर ठोके उमटले आणि जिथे बोल्ट बसतो तो पृष्ठभाग बिघडला. सांध्याचा रोध मायक्रोओहममध्ये मोजतात. तिथे एवढासा खड्डाही दिसतो. शेवटी फोरमनकाकांनी पंचाची दिशाच फिरवली, म्हणजे बराची बाजू वळणाच्या आतल्या अंगाला यावी आणि वाकवताना बाहेरच्या बाजूला चीर पडू नये. मग दोन्ही कडांवर घासायचं व्हील मारलं, तेही कामगार बदलला तरी दाब तोच राहील असा जिग (पट्टी धरणारा साचा) करून. कोटिंगचं काम शेजारच्या गल्लीतल्या एका गुजराती माणसाकडे देत होतो. त्याच्याकडे रंगवलेल्या पट्ट्या मी एकेक करून भिंगाखाली बघत होते, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "बेन, आ तो दागीना जेवुं काम छे!" खरंच होतं, फक्त दर दागिन्याचा नव्हता. त्याच्या ओव्हनमधून निघालेली प्रत्येक पट्टी आम्ही हाय-पॉट (उच्च दाबाच्या) टेस्टरवर लावायचो. अडीच हजार व्होल्ट, एक मिनिट. जिथे सुईच्या टोकाएवढं छिद्र असेल तिथे चट्ट असा आवाज यायचा, आणि कोटिंगवाला तोंड फिरवायचा.

त्यानंतर पीपॅप. मोटारवाल्यांचा हा शब्द ऐकला की लघुउद्योजकाच्या पोटात गोळा येतो. पार्ट मंजूर होण्याआधी द्यायची अठरा प्रकारची कागदपत्रं: प्रक्रियेचा आराखडा, कुठे काय बिघडू शकतं त्याचा तक्ता, मापांचे अहवाल, मोजमापाच्या साधनांवर विश्वास किती ठेवायचा त्याचा अभ्यास, आणि महत्त्वाच्या मापांसाठी १.६७ च्या वरचा सीपीके, म्हणजे माप मर्यादेत किती सातत्याने बसतं त्याचा आकडा. गंमत अशी की ही पद्धत १९९० च्या दशकात जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर यांनी मिळून घडवली. त्यातल्या जनरल मोटर्सने हालोलचा कारखाना २०१७ मध्ये सोडला, फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवलं. गुजरातेतले गाड्यांचे कारखाने दोघांनी विकले आणि इथल्या लघुउद्योजकाच्या टेबलावर त्यांचे फॉर्म राहिले.

नव्या गिऱ्हाइकाची तऱ्हा उलटी. एक्सेल नाही, ऑडिट नाही. एका संध्याकाळी व्हिडिओ कॉल. पलीकडे जेमतेम तिशीतला मुलगा. त्याने विचारलं, तुमच्याकडे वायरकट (तारेवरच्या ठिणगीने धातू कापणारं मशिन) आहे का, सीएनसी बेंडिंग आहे का, आणि कॅमेरा शॉपभर फिरवा. मी फिरवला. तासाभरात थ्रीडी फाइल आली आणि खाली एक ओळ: डाय (कापायचा पक्का साचा) करू नका, वायरकटने कापून पंधरा दिवसांत सॅम्पल द्या. दर विचारला तो सॅम्पल पोचल्यावर. बाबांना हा प्रकार फार आवडला. "याला धंदा कळतो," म्हणाले. आठवडा गेला नाही तोच फाइल बदलली. रिव्हिजन बी. मग सी. एका रिव्हिजनमध्ये भोक अडीच मिलिमीटर सरकलं, पुढच्या रिव्हिजनमध्ये ते परत मूळ जागी आलं. फोरमनकाकांनी मला शांतपणे विचारलं, की यांच्याकडे गाडी आहे की अजून विचार चाललाय?

ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदीला पूर आला. बडोद्यात राहणाऱ्याला २०२४ चा तो आठवडा सांगायला नको. धोक्याची पातळी २५ फूट, पाणी त्याच्या कितीतरी वर, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या बुडालेल्या आणि रस्त्यांवर मगरी. आमच्या शॉपमध्ये पाणी शिरलं नाही, पण कोटिंगवाल्याचा ओव्हन भिजला. दोन्ही गिऱ्हाइकांची सॅम्पलं अडकली. जुन्या गिऱ्हाइकाने तो थट्टेत भरलेला रकाना उघडून दाखवला: "पूर आल्यास पर्यायी कोटिंग पुरवठादार," असं तुम्हीच लिहिलंय, त्याचं नाव आणि मंजुरीचे कागद पाठवा. ते जमवण्यात बराच काळ गेला. नव्या गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं, घरचे सगळे ठीक आहेत ना? मग म्हणाला, कोटिंग राहू द्या, तांबं नुसतं पाठवा, आम्ही इथे टेप गुंडाळून टेस्ट घेतो. त्याला पॅक चाचणीच्या रिगवर चढवायचा होता, आणि टेपवर त्याचं भागणार होतं. जुन्याला विकायचा पॅक तपासायचा होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, पण आमचा जीव कुणी हलका केला हे सांगायला नको.

मग पॅकचं चित्रच बदललं.

पहिल्या ड्रॉइंगमध्ये पॅक नेहमीसारखा होता. सेल एकत्र बांधून मॉड्यूल, मॉड्यूल एकमेकांना जोडायला आमचे बसबार, आणि सगळं एका ट्रेमध्ये. पेट्रोल गाडीच्या सांगाड्यात बॅटरी बसवायची असेल तर असंच करावं लागतं: सीटखाली एक ठोकळा, बोगद्यात एक, मागे एक. इथे पहिल्यांदा चाललेल्या इलेक्ट्रिक गाड्या याच घरातल्या. नव्या गिऱ्हाइकाच्या पुढच्या फाइलमध्ये मॉड्यूलच नव्हते. लांब सेल थेट ट्रेमध्ये, शेजारी शेजारी. याला सेल-टू-पॅक म्हणतात, आणि २०२० मध्ये चीनच्या बीवायडीने ब्लेड बॅटरी आणल्यापासून जगभर बरेच जण याच वाटेला लागलेत. बीवायडी १९९५ मध्ये निघाली ती बॅटरी बनवायला, मोटारी नंतर आल्या. त्यामुळे उलटा विचार करणं तिला सोपं गेलं असावं. बॅटरीच्या भोवती गाडी उभी करायची, एवढंच. सगळ्या नव्या कंपन्यांचं बळ इथे आहे असं मला वाटतं. मोठे स्क्रीन आणि काचेची छपरं लोकांच्या डोळ्यात भरतात. मला ड्रॉइंगमधून पार्ट गायब होताना दिसतात.

आमच्या दृष्टीने गायब झाले ते मॉड्यूल जोडणारे बसबार. आधीच्या ड्रॉइंगमध्ये डझनभर होते, नव्यात तीन उरले. त्यातल्या सगळ्यात लांब पट्टीवर शेरा: ॲल्युमिनियमचाही दर द्या. ॲल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, पण वजन तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पट्टी जाड करून तेवढाच करंट नेला तरी वजन निम्म्यावर येतं, आणि किंमत त्याहून खाली. बाबांनी ड्रॉइंग चष्मा वर-खाली करून दोनदा पाहिलं. "म्हणजे आपल्याला काढून कसं टाकायचं याचं कोटेशन आपल्याकडूनच मागतायत."

काही महिन्यांनी जुन्या गिऱ्हाइकाकडूनही पुढच्या गाडीची चौकशी आली. तिच्यातही मॉड्यूल नव्हते. फरक एवढाच, की यांच्या ड्रॉइंगवर रिव्हिजन ए होती आणि ती ए-च राहिली. नव्यांनी एबीसीडी गिरवून जे शोधलं, ते जुन्यांनी बाजारात चालतंय हे पाहून एकदाच, पक्क्या डायसकट मागितलं. उशीर झाला खरा, पण आकडा मोठा होता आणि पाच वर्षांचा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई आणल्या. गाड्या इथल्या जुन्या घराण्याच्या, आत सेल बीवायडीचे. याच बीवायडीचा भारतात कारखाना काढायचा प्रस्ताव २०२३ मध्ये सरकारने मान्य केला नव्हता. म्हणजे कोण कुणाशी लढतंय हे शोरूममधून दिसतं तेवढं सरळ नाही.

बडोद्याच्या माणसाला तर नवं-जुनं वेगळं काढणं आणखी अवघड. गोध्रा रस्त्याने निघालं की पावागडच्या अलीकडे हालोल. तिथल्या कारखान्यातून आधी ओपेल ॲस्ट्रा निघाली, मग शेवरले. जनरल मोटर्स गेल्यावर तिथे एमजी आली. नाव १९२० च्या दशकातलं ब्रिटिश, मालकी चीनच्या साइकची, आणि २०२४ पासून भागीदार जेएसडब्ल्यू. साणंदला फोर्डचा कारखाना टाटांनी जानेवारी २०२३ मध्ये ७२५ कोटींच्या वर किंमत देऊन घेतला. टाटांची नेक्सॉन ईव्ही आणि एमजीची झेडएस ईव्ही बाजारात आल्या त्या एकाच महिन्यात, जानेवारी २०२० मध्ये. पुढची काही वर्षं इलेक्ट्रिक गाड्यांत टाटांचा वाटा सत्तर टक्क्यांवर राहिला आणि आता निम्म्याखाली आलाय. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर आली ती ९.९९ लाखांना, पण बॅटरी भाड्याची, किलोमीटरला साडेतीन रुपये. त्याच सुमारास टाटांनीही सणाचे म्हणून भाव उतरवले. जगभरात पॅकचा सरासरी भाव २०२३ मधल्या किलोवॅट-तासाला १३९ डॉलरवरून २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आला होता, त्यामुळे ते परवडलं असावं. दांडिया बाजारातल्या आमच्या मामांकडे मात्र या आकड्यांना किंमत नाही. त्यांच्याकडे शेवरलेची टवेरा होती. कंपनी गेल्यावर पार्टसाठी केलेल्या चकरा ते विसरलेले नाहीत. कुठलीही नवी गाडी दाखवा, त्यांचा एकच प्रश्न: "ही राहणार का?"

मामांचा प्रश्न मी हसण्यावारी न्यायची. डायचे पैसे अडकले तेव्हा तो मला नीट समजला.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण आठवलं की चिडचिड होते. तांब्याचा भाव मे २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात टनाला ११,००० डॉलरवर गेला होता. आमच्या पट्टीच्या दरात तांबंच बहुतेक. जुनं गिऱ्हाईक भावफरक तिमाहीने देतं, म्हणजे मधले महिने आपल्या खिशातून. पण लघुउद्योग असल्याचा उद्यम नोंदणीचा दाखला पहिल्या दिवशी मागून घेतला आणि पंचेचाळिसाव्या दिवशी पैसे जमा. आयकर कायद्यात ४३बी(एच) आल्यापासून सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला ते देईपर्यंत तो खर्च वजा करता येत नाही, त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले अचानक प्रेमळ झालेत. नवं गिऱ्हाईक तांब्याचा फरक महिन्याला देतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांनी रिव्हिजन एफ पक्की म्हणून डाय करायला लावली, आणि डाय तयार झाल्यावर ते मॉडेलच पुढे ढकललं. "पुढे म्हणजे कधी?" याला उत्तर देणारा तो तिशीतला मुलगा तोवर दुसऱ्या कंपनीत गेला होता. त्याच्या जागी आलेल्या बाईंना आमची डाय कशासाठी आहे हेही आम्हीच समजावलं. पैसे अखेर मिळाले, अर्धे.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. मोटरमध्ये ती चुंबकं लागतात. इथे मात्र दोघांचीही तारांबळ उडाली. नव्याने महिन्याचं शेड्यूल एका ईमेलने शून्यावर आणलं. जुन्यानेही कापलं, पण थोडं, आणि पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज सोबत दिला. तो अंदाज पुढे बराचसा चुकला, पण तो हातात असल्यामुळे मला तांबं किती उचलायचं ते ठरवता आलं आणि कुणाला घरी बसवावं लागलं नाही.

आज दोघंही आमचे गिऱ्हाईक आहेत. जुन्याचा माल नियमित जातो. नव्याचं मॉडेल पुन्हा जागं झालंय, रिव्हिजन एच. शिकायचं नव्याकडून, पोट भरायचं जुन्याकडे, अशी आमची सध्या व्यवस्था आहे. ॲल्युमिनियम कसं वाकवायचं, निकेलचा मुलामा कुठे हवा, लेसर वेल्डिंगला पृष्ठभाग किती स्वच्छ लागतो, हे सगळं नव्याच्या सॅम्पलांवर हात बसवून आम्ही जुन्याला विकलं. आयएटीएफचं ऑडिट याच तिमाहीत आहे. आणि खरं सांगायचं तर पगार अजून स्विचगिअरवरच निघतात.

परवा तिसरी चौकशी आली, ई-बसच्या पॅकची. मी कोटेशनमध्ये पहिलीच अट घातली: डायचे पूर्ण पैसे ऑर्डरबरोबर. बाबांनी वाचून मान डोलावली, पेन मागून घेतलं आणि खाली आपल्या अक्षरात आणखी एक ओळ लिहिली: रिव्हिजन बदलल्यास दर नवा.